गच्चीवरचा कुंड्यांचा ओटा
(सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आयुष्य बँकेत गेलं, म्हणून आधी खर्च सांगतो: ६४० रुपये. स्क्रू आणि लाकडाला लावायला जवसाचं तेल, एवढंच विकत आणलं. बाकी सगळं आपल्याच जिन्याखाली पडून होतं.

स्वयंपाकघरं नवी करताना तुम्ही ओट्याखालचे कडप्पे काढून टाकलेत. हा दगड पाण्याने फुगत नाही, चिखल पुसला की स्वच्छ. वर तोच घातला. पाय जुन्या सागवानी चौकटीचे. कुणी फ्लश डोअर देऊ केलं होतं, ते नको म्हटलं. पावसात त्याचं प्लाय फुगतं. कडप्पा अधांतरी ठेवला तर तडकतो, म्हणून खाली दर फुटावर आडवी पट्टी. मागे एक तिरकी पट्टीही हवीच, नाहीतर ओटा डुलतो.

गच्चीला भोक पाडलेलं नाही, कमिटीने वॉटरप्रूफिंगची काळजी करू नये. पायांखाली फरशीचे तुकडे आहेत, पाणी वाहून जातं.

उंची ३४ इंच. कोपराच्या चार-पाच इंच खाली, असं माप धरा. गुडघ्यांपायी आपल्यापैकी कितीजणांनी कुंड्या सोडल्या! बी विंगमधल्या एका वहिनींनी दोन वर्षं मोगऱ्याची माती बदलली नव्हती. खाली बसलं की उठवायला माणूस लागायचं. परवा त्यांनी उभ्यानेच चार कुंड्या भरल्या.

आता रविवारी रांग लागते, एक ओटा पुरत नाही. सी विंगच्या जिन्याखाली अजून दोन कडप्पे आहेत. भंगारवाल्याला देण्याआधी मला हाक मारा.