सीमेपलीकडची गाडी

बेदाण्याचे पैसे हाती आले, की आमच्या तासगावात कर्नाटकातल्या स्वस्त जुन्या गाडीचा विषय निघतोच. मी आधी विचारतो, तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म, मिळालं का? त्याशिवाय आपला एमएच-१० नंबर मिळत नाही. गाडी बारा महिन्यांहून अधिक इथे ठेवायची, तर १९८८च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नवा नंबर घ्यावाच लागतो. शिवाय महाराष्ट्राचा कर निराळा. तो धरून ‘स्वस्त’ गाडी कितीला पडते, हे कागदावर मांडा. आमच्या भावकीतल्या एकानं पैसे आधी मोजले. प्रमाणपत्राचं विचारलं, की जुना मालक फोनच उचलत नाही. गाडी बागेच्या बांधावर उभी आहे. तिच्यावर द्राक्षाचे रिकामे क्रेट ठेवतात.