नाचायला कुणाचं गाणं लावावं?



वडोदऱ्याजवळच्या आमच्या बाजव्यात नाच कुणाला शिकवावा लागत नाही. नवरात्रात मराठी, गुजराती, कारखान्यात नोकरीला आलेला उत्तर हिंदुस्थानी असे सगळे एकाच रिंगणात असतात. दोन टाळ्यांचा गरबा कुठला आणि तीन टाळ्यांचा कुठला, हे शाळेत न जाणाऱ्या पोरालाही कळतं. पण हीच मंडळी 31 डिसेंबरला, किंवा कुणाच्या लग्नाला 25 वर्षं झाली म्हणून सोसायटीच्या हॉलमध्ये जमली की काय होतं बघा. स्पीकर छाती हादरेल असा मोठा, पोरं मधोमध उड्या मारतायत आणि चाळिशीपुढचे सगळे भिंतीला खुर्च्या टेकवून, हातात कागदी डिश घेऊन बसलेले. यांना नाचता येत नाही असं म्हणायची सोय नाही, कारण नवरात्रात यांनीच मध्यरात्रीपर्यंत फेर धरलेला असतो. गाणंच असं लावतात की त्यात पाऊल कुठे टाकायचं ते कळत नाही.

तर जोडीने किंवा घोळक्याने, कुठलाही क्लास न लावता नाचायचं असेल तर कुणाची गाणी लावावीत? माझं उत्तर जरा लांबचं आहे. अमेरिकेतलं रिदम अँड ब्लूज. हल्ली आर अँड बी म्हणून जे मऊ, उसासे टाकणारं गाणं ऐकू येतं ते मला अभिप्रेत नाही. मी म्हणतोय ते मूळचं, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून साधारण 1962 पर्यंतचं. तिथल्या काळ्या गायक-वादकांच्या या तबकड्या ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक वेगळ्या यादीत टाकत असे आणि त्या यादीच्या नावात चक्क वंशाचा उल्लेख असे. जेरी वेक्सलर या त्यांच्याच बातमीदाराने सुचवलं आणि जून 1949 मध्ये यादीला हे नवं नाव मिळालं. गाणं अर्थातच आधीपासून चालू होतं, आणि लोक त्यावर नाचतही होते.

या मंडळींतला पहिला मान लुई जॉर्डनचा. जन्म 1908, आर्कान्सा राज्यातल्या ब्रिंकली गावचा, बाप बँडमास्तर. सॅक्सोफोन वाजवायचा, गायचा आणि डोळे वटारून लोकांना हसवायचाही. तोपर्यंत नाचाच्या हॉलमध्ये पंधरा-सोळा वादकांचा ताफा लागे. युद्धकाळात एवढी माणसं गावोगाव फिरवणं कुणाला परवडेना. जॉर्डनने मोजक्या माणसांत तेवढाच दणका काढून दाखवला. ताफ्याचं नाव ‘टिम्पनी फाइव्ह’, वादक मात्र बहुतेक वेळा पाचाहून जास्तच. त्याचं 1946 सालचं ‘चू चू चबूगी’ हे रेल्वेचं गाणं अमेरिकेतल्या त्या यादीत 18 आठवडे पहिल्या जागेवर होतं.

बाजव्यात या गाण्याचा ताल समजावणं फार सोपं जातं. अहमदाबादकडे जाणारा लोहमार्ग आमच्या उशालाच आहे. जुन्या, सांधे असलेल्या रुळांवरून डबा जाताना चाकांचा जो आवाज यायचा, एक लांब, एक आखूड, पुन्हा लांब, पुन्हा आखूड, तोच हा ठेका. त्याला शफल म्हणतात. हिशोब असा, की प्रत्येक मात्रेचे तीन भाग करायचे, पहिला आणि तिसरा वाजवायचा आणि मधला गिळायचा. आता आपल्या गरब्यातला हींच आठवा. दादऱ्याच्या घरातला, तिनातिनाने झुलणारा. ज्याचा हात लहानपणापासून हींचवर पडलाय त्याला जॉर्डनच्या गाण्यावर अंग कसं हलवायचं ते सांगावं लागत नाही. हॉलमधल्या त्याच खुर्चीवाल्या मंडळींवर मी हे करून पाहिलंय. पहिल्या मिनिटात गुडघे हलतात, दुसऱ्यात डिश खाली ठेवली जाते.

दुसरी सोय म्हणजे आवर्तन. यातली पुष्कळ गाणी बारा खणांची असतात, खणात चार मात्रा, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. त्यात सूर कुठे बदलणार, कुठे वर चढून परत घरी येणार, हे ठरलेलं. दोन फेऱ्या ऐकल्या की नाचणाऱ्याला सम कुठे येणार ते आधीच कळतं, आणि जोडीदाराला गिरकी द्यायची ती नेमकी तिथे देता येते. शिवाय त्या वेळची तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. नको त्या माणसाबरोबर नाचायची वेळ आली तरी तीन मिनिटांत सुटका! हा फायदा आमच्या सोसायटीतल्या बायकांनी माझ्याआधी ओळखला होता.

एक गोष्ट मात्र आपल्या हाताला जड जाते. आपण टाळी समेवर देतो. या गाण्यांत जोर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो, तिथे ड्रमवाला काठी हाणतो. त्यामुळे अर्धा हॉल एकवर टाळी देतो, अर्धा दोनवर, आणि मध्ये ड्रमवाला बिचारा एकटा पडतो. यावर उपाय, टाळीच देऊ नये. एकला पाऊल टाकावं आणि दोनला खांदा जाऊ द्यावा.

बायकांच्या आवाजात रूथ ब्राउन. ही व्हर्जिनियातल्या पोर्ट्समथची. 1948 मध्ये न्यूयॉर्कला जाताना मोटार अपघातात तिचे पाय मोडले आणि ‘अटलांटिक’ या नव्या कंपनीशी तिने करार केला तो इस्पितळातल्या खाटेवरून. पुढे तिच्या तबकड्या इतक्या खपल्या की ती कंपनी म्हणजे रूथने बांधलेलं घर, असं लोक म्हणायला लागले. तिच्या गाण्यात ओळीच्या शेवटी आवाज चिरकतो. गाणं शिकलेला माणूस त्याला दोष म्हणेल, पण नाचताना नेमक्या त्याच जागेवर पावलाला चिमटा बसतो. तेच घर बांधणाऱ्या बाईला पुढे धुणीभांडी करावी लागली, शाळेची बस चालवावी लागली. मग तिने रॉयल्टीसाठी भांडण मांडलं, वर्षानुवर्षं चालवलं आणि तिच्यामुळे इतरही जुन्या कलावंतांना पैसे मिळाले. आपल्याकडच्या लावणी कलावंतिणींची चरित्रं ज्यांनी वाचलीत त्यांना यात काही नवल वाटणार नाही.

बिग जो टर्नर हा कॅन्सस सिटीचा. बारमध्ये दारू ओतता ओतता गायचा, तेही मायक्रोफोनविना, एवढा आवाज. त्याचं गाणं मोठ्या हॉलला बरं, छोट्या खोलीत अंगावर येतं. आणि न्यू ऑर्लीन्सचा फॅट्स डॉमिनो तर सगळ्यांचाच. पियानोवर उजव्या हाताने तिनातिनाचे ठोके चालू, डावा हात सावकाश खाली लोळतोय, आवाज असा की हा माणूस कुणावर कधी रागावलाच नसेल. 1956 चं त्याचं ‘ब्लूबेरी हिल’ लावलं की सत्तरीचं जोडपंही उठतं, कारण घाई नाही. त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या कित्येक हॉलमध्ये काळे आणि गोरे वेगळे राहावेत म्हणून मधोमध दोर बांधत. डॉमिनोसारख्यांचं गाणं रंगात आलं की पोरं तो दोर ओलांडून एकमेकांत मिसळत, आणि मग पोलीस कार्यक्रम बंद पाडत.

रे चार्ल्सचं एक गाणं तर नाचाच्या हॉलमध्येच जन्मलं. डिसेंबर 1958, पेन्सिल्व्हेनियातलं ब्राउन्सव्हिल. ठरलेली सगळी गाणी संपली आणि करारातली काही मिनिटं अजून शिल्लक. त्याने वादकांना सांगितलं, मी काहीतरी सुरू करतो, तुम्ही मागून या. गाणाऱ्या मुलींना सांगितलं, मी म्हणेन ते परत म्हणा. बस्स, आपल्या भजनी मंडळात बुवा करतात तेच. अंध माणूस, समोरचं दिसत नाही, पण पायाखालची जमीन हादरायला लागली तेव्हा त्याला कळलं की जमलं. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी 1959 मध्ये, ते ‘व्हॉट्ड आय से’ या नावाने मुद्रित झालं.

आता थोडं वादाचं बोलतो. बी. बी. किंग फार मोठा वादक, पण नाचाला लावू नका. त्याची गिटार बोलायला लागली की माणूस थांबून ऐकतो. जेम्स ब्राउन लावला की सगळे त्याच्यासारखं करायला जातात, आणि ते एकट्याचं काम आहे, शिवाय कमरेचंही. नाचाच्या गाण्याने गायकाकडे फार लक्ष वेधू नये, असं माझं मत आहे. कुणाला ते पटत नसेल तर त्यांनी आपल्या हॉलमध्ये खुशाल जेम्स ब्राउन लावावा.

हे सगळं परक्याचं आहे, आपल्याकडे काय, असं कुणी विचारील. आपल्याकडे रामचंद्र नरहर चितळकर आहेत, म्हणजे सिनेसंगीतकार सी. रामचंद्र. जन्म 1918 चा, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय शिकलेला हा माणूस मुंबईत आला तेव्हा तिथल्या हॉटेलांत गोव्याचे वादक रोज रात्री साहेबलोकांना नाचवत होते. त्यांतला सर्वांत चमकदार म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अंतोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचा, ट्रम्पेट वाजवायचा तो थेट लुई आर्मस्ट्राँगच्या ढंगात. ताज हॉटेलात रात्री वाजवायचं आणि दिवसा स्टुडिओत. रामचंद्रांनी या लोकांना हाताशी धरलं. 1951 च्या ‘अलबेला’ चित्रपटात तर चिकचा बँड पडद्यावरही दिसतो. 1957 च्या ‘आशा’तलं ‘ईना मीना डीका’ आणि लुई जॉर्डनची कुठलीही तबकडी लागोपाठ वाजवून बघा. सॅक्सोफोन-ट्रम्पेटचे सवाल-जवाब तसेच, निरर्थक शब्दांची मौज तशीच. पुढे 1963 मध्ये ‘ऐ मेरे वतन के लोगों’ची चाल देणारा माणूस हाच, हे सांगितल्यावर आमच्याकडचे तरुण विश्वास ठेवत नाहीत.

यात गंमत अशी, की या गाण्यांचा भर ओसरला नव्हता तेव्हाच, 1952 मध्ये, नभोवाणी खातं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे आलं. त्यांना सिनेसंगीत उथळ वाटे, म्हणून आकाशवाणीवरून ते जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. एका चितळकरांनी देशाला नाचवावं आणि एका केसकरांनी रेडिओला गप्प बसवावं, दोघेही आपलेच! अखेर 1957 मध्ये विविध भारती सुरू झाली आणि गाणी घरी परतली.

‘अलबेला’चा दिग्दर्शक, निर्माता आणि नायक भगवान. भगवान आबाजी पालव, जन्म 1913, अमरावतीचा, गिरणी कामगाराचा मुलगा, मुंबईत चाळीत वाढलेला. चाळीतल्या माणसाला नाचायला जागा किती मिळणार? भगवानदादांचा नाच नीट बघा. कोपरं अंगालगत, मुठी छातीपुढे, गुडघे जरासे वाकलेले, पावलं एका फरशीच्या आत. खांदे मात्र आळीपाळीने बोलतायत. अंग जाड, चेहरा चारचौघांसारखा, आणि समोर गीता बालीसारखी चपळ नटी असतानाही नजर यांच्यावरून हटत नाही. हा नाच कुणीही करू शकतो, आणि करतोच. महाराष्ट्रातली वरात आणि गणपतीची मिरवणूक निम्मी याच पावलांवर चालते. बंगला, मोटारी सगळं गेल्यावर दादा दादरच्या चाळीत परत आले. सांगतात की गणपतीची मिरवणूक त्यांच्या दाराशी थांबे, बँडवाले ‘शोला जो भडके’ वाजवत आणि दादा खाली उतरून दोन पावलं नाचून जात.

मी हॉलमध्ये गाणी लावतो तेव्हा क्रम असा ठेवतो. लोक येतायत, बुजलेले आहेत, तोवर जिमी रीड, म्हणजे अगदी आळसावलेला शफल, चालता चालता नाचावं असा. मग फॅट्स, मग रूथ ब्राउन. अंग गरम झाल्यावर जॉर्डन आणि त्याच्या पाठोपाठ रे चार्ल्स. त्यानंतर एक संथ गाणं, एटा जेम्स या गायिकेचं, कारण एव्हाना सगळ्यांना दम लागलेला असतो आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायला बायकांनाही कारण मिळतं. जेवणं लागायच्या आधी ‘अलबेला’. तेव्हा स्वयंपाकघरातले वाढपीही बाहेर येतात, म्हणून केटररला वेळ अर्ध्या तासाने पुढची सांगा, आणि खुर्च्या भिंतीकडेला न ठेवता सरळ बाहेर व्हरांड्यात काढून टाका.