एका पेटीतील दोन दाब



शाळेच्या भिंतीवरील विजेच्या पेटीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दिवा लागला, पंखा फिरला, मधल्या सुटीची घंटा वाजली, की ती पेटी विसरली जाते. परंतु निरनिराळ्या दाबांच्या तारा त्या एकाच पेटीत आल्या असतील, तर तेथे असा धोका दडलेला असतो की जो झाकण काढल्यावाचून दिसत नाही.

विजेचा दाब नेहमी दोन बिंदूंमध्ये मोजावयाचा असतो, ही गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावी. आपल्या देशात फेज व न्यूट्रल यांमध्ये २३० व्होल्ट दाब असतो. मोठ्या इमारतीत मात्र तीन फेज येतात. त्या तिन्हींची भरती एकाच क्षणी येत नाही; म्हणून दोन फेजांमधील दाब दुप्पट न होता १.७३२ पट, म्हणजे सुमारे ४०० व्होल्ट होतो. एका पेटीत शेजारी शेजारी बसविलेले दोन खटके दोन फेजांवर असतील, तर प्रत्येकावर २३० हाच आकडा लिहिलेला असतो. परंतु त्या दोहोंच्या मध्ये ४०० व्होल्ट उभे असतात. १९५६ च्या भारतीय विद्युत् नियमांत २५० व्होल्टपर्यंतचा दाब ‘लघु’ आणि त्यापुढे ६५० पर्यंतचा ‘मध्यम’ मानला होता. म्हणजे दोन लघु दाब शेजारी येताच मध्यम दाब उत्पन्न होतो!

अमेरिकेतील विद्युत् संहितेने याबाबत स्पष्ट मर्यादा घातली आहे. एका पेटीतील शेजारच्या दोन साधनांमधील दाब ३०० व्होल्टपेक्षा अधिक असेल, तर त्यांच्यामध्ये कायमचा पडदा बसविला पाहिजे. तेथे १२० व्होल्टचे दोन फेज एकत्र आले तर मधला दाब २०८ होतो. पडदा लागत नाही. २७७ व्होल्टचे दोन फेज आले तर तो ४८० होतो. पडदा अनिवार्य ठरतो. खटक्यावरील आकडा न पाहता दोन खटक्यांमधील अंतर पाहावे, हेच या नियमाचे मर्म होय.

दुसरी गोष्ट घंटेची. पुष्कळ विद्युत् घंटांना लहान रोहित्रातून अवघे ८ किंवा १२ व्होल्ट दिलेले असतात, आणि तिच्या तारांचे आवरणही तेवढ्यापुरतेच पातळ असते. ती तार २३० व्होल्टच्या खटक्याच्या पेटीत सोडली, आणि उंदराने वा उष्णतेने आवरण खराब झाले, तर तोच दाब घंटेच्या कळीपर्यंत पोहोचतो. ती कळ निःशंकपणे दाबणारा हात एखाद्या बालकाचा असू शकतो. यास्तव अशा तारांना स्वतंत्र पेटी द्यावी, अथवा मध्ये पक्का पडदा ठेवावा.

तिसरा धोका दुरुस्तीच्या वेळी उद्भवतो. एका वर्गाचा फ्यूज काढला, दिवा विझला, आणि पेटी निर्जीव झाली असे समजून हात आत गेला. पण शेजारचा खटका दुसऱ्या फेजवर असल्याने जिवंतच राहिला. दिवा विझणे हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. मुख्य खटका बंद करून प्रत्येक तार तपासणे, हाच खरा पुरावा.

मुख्याध्यापकांनी पेटी स्वतः उघडू नये. ते काम परवानाधारक तारतंत्र्याचे आहे. परंतु त्यास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : या पेटीत किती फेज आहेत? घंटेची तार वेगळी आहे काय? सर्व पुरवठा एकाच ठिकाणी तोडता येतो काय? उत्तरे शाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवावीत आणि एकाहून अधिक फेज असलेल्या पेटीवर ठळक अक्षरांत सूचना लावावी. फुटलेले झाकण किंवा उघडी तार दिसल्यास दुरुस्ती होईपर्यंत तो पुरवठा बंदच ठेवावा. वर्गात एक दिवस अंधार राहिला तरी चालेल. मूल मात्र सुखरूप घरी परतले पाहिजे.