हौशी अग्निबाणांचे इंधन



अमेरिकेतील नेवाडा प्रांती ब्लॅक रॉक नावाचे जे वाळवंट आहे, तेथील कोरड्या तळ्याच्या सपाट भूमीवर हौशी मंडळी पुरुषभर उंचीचे अग्निबाण घेऊन जमतात;
आणि तेथे वाद रंगतो, तो इंधनाचा.

इंधन निवडताना जोर पाहावा, तशीच हाताळणीही पाहावी लागते.

सर्वांत जुनी ती काळी दारू. टिपूच्या लोखंडी नळीच्या बाणांत तीच असे.
ती चटकन पेटते, स्वस्तही पडते;
परंतु ठासलेल्या दारूला शीतोष्णाच्या फेऱ्यात तडा गेला, की मोटर फुटते.
म्हणून ती लहान बाणांपुरतीच बरी.

मोठ्या बाणांत अंमल चालतो संमिश्र इंधनाचा.
अमोनियम परक्लोरेट हा प्राणवायू पुरविणारा क्षार, आणि बहुधा थोडी ॲल्युमिनियमची भुकटी, रबरात बांधून त्याची चिवट वडी होते.
स्पेस शटलच्या बूस्टरांतही हीच जात होती.
वजनाच्या मानाने हिचा जोर काळ्या दारूच्या दुपटीहून अधिक.

सरकारी खात्याने मात्र या संमिश्र वडीला स्फोटकांच्या यादीत घालून परवान्याची अट लादली;
हौशी संघटनांनी वर्षानुवर्षे खटला लढविला, आणि २००९ साली न्यायालयाने ते वर्गीकरण रद्द केले.

तिसरा प्रकार संकरित:
टाकीत नायट्रस ऑक्साइड, नळीत प्लास्टिक वा रबर.
दोन्ही अलग असल्याने साठवण सोपी;
पण, श्रोतेहो, पुन्हा हाताळणीच आली.
वायू ऐन मैदानावर, दुरून भरावा लागतो, आणि उन्हाने त्याचा दाब चढतो.
एवढी यातायात नको, म्हणून बहुतेक जण संमिश्र वडीच पसंत करतात.