गाणं कुणाचं, नाव कुणाचं?

बचतगटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, कर्ज सगळं वहीत मांडतो. आज मी दिव्याहून तुमच्याशी बोलणार आहे ते वहीत न मांडलेल्या ठेवीबद्दल. ती ठेव म्हणजे आपल्या बायकांची गाणी.

आमचं दिवा म्हटलं की लोकांना गर्दीचं स्टेशन आठवतं. पण खाडीच्या या पट्ट्यात आगरी-कोळ्यांची जुनी गावं आहेत. त्यांच्या लग्नात हळदीला, मांडवाला धवले म्हणतात, आणि ते म्हणणारी ती धवलारीण. तिच्यापुढे पोथी नसते, सारं तोंडपाठ. एकीनं म्हणायचं, दुसरीनं ऐकून शिकायचं. आता हळदीला डीजे लागतो. त्याला मी नावं ठेवत नाही, नाचायला सगळ्यांनाच आवडतं. पण डीजेचं गाणं उद्याही मोबाइलवर सापडेल. धवलारीण गेली की तिच्याबरोबर तिचे धवलेही जातात.

आवाज टिकवायचा तर दोन गोष्टी लागतात. एक, आवाज साठवणं. दुसरी, त्यावर नाव लिहिणं. दुसरी आपण विसरतो.

१९०२ साली कोलकात्यात गौहर जान या गायिकेचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत. तिथल्या कामगारांना गाणारी कोण हे कळावं, म्हणून गाणं संपता संपता ती स्वतःच आपलं नाव सांगायची. आज शंभरावर वर्षं झाली, पण तबकडी लावली की तिचं नाव तिच्याच तोंडून ऐकू येतं.

तिकडे अमेरिकेत १९६० आणि ७० च्या दशकांत काळ्या कलावंतांनी ‘फंक’ नावाचं जोरदार ठेक्याचं संगीत उभं केलं. जेम्स ब्राउन जगभर गाजले. पण छोट्या शहरांतल्या कितीतरी मंडळींनी थोड्याशाच तबकड्या काढल्या आणि त्या अडगळीत गेल्या. पुढे शौकिनांनी जुन्या दुकानांतून त्या धुंडाळल्या आणि त्यांची संकलनं काढली. तबकडीवरच्या कागदावर नाव छापलेलं होतं, म्हणून त्या गाणाऱ्यांचा माग काढता आला.

आपल्याकडे याहून मोठं काम झालंय, तेही जात्यावरच्या ओव्यांचं. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आणि पहाटेची ओवीही थांबली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना बरोबर घेऊन या ओव्या गोळा केल्या. महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. बर्नार्ड बेल यांनी कित्येक तासांचं ध्वनिमुद्रणही केलं. २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं संग्रहालय त्या इंटरनेटवर ऐकवतं. तिथं ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. सासर-माहेर, लेक, भाऊ, कष्ट, विठ्ठल या सगळ्यांवर बोलणारी बाई तिथं नावानिशी उभी आहे.

नाहीतर एरवी काय होतं? कुणी येतं, गाणं टिपून नेतं आणि खाली ‘पारंपरिक’ असा एक शब्द लिहितं. परंपरेचं गाणं असलं तरी ते बेवारस नसतं. ते जपणारी एक बाई असते, तिला शिकवणारी दुसरी.

म्हणून प्रत्येक गटानं या महिन्यात एवढं करावं. गावातल्या जुन्या गाणारणीकडे दोघी-तिघींनी जावं. आधी तिला विचारावं, ‘आजी, टिपून घेऊ का? कुणाला ऐकवलेलं चालेल?’ काही गाणी फक्त विधीपुरती असतात, तर तिचा शब्द पाळावा. पंखा, टीव्ही बंद करावा आणि मोबाइल तिच्याजवळ ठेवावा. सुरुवातीला तिनं स्वतः नाव, गाव आणि गाणं कुणाकडून शिकली ते सांगावं, आपण तारीख सांगावी. मधे बोलू नये. अडलेले शब्द मागाहून विचारून वहीत लिहावेत.

टिपलेलं गाणं आधी तिलाच ऐकवा. आपला आवाज तिनं कदाचित कधी ऐकलाही नसेल. मग त्याच्या दोन प्रती करा, एक मेमरी कार्डावर आणि एक दुसऱ्या कुणाच्या पेन ड्राइव्हवर. एकाच मोबाइलवर विसंबू नका. तो हरवतो, बिघडतो, बदलला जातो. उद्या कुणी सिनेमासाठी किंवा कॅसेट कंपनीसाठी ते गाणं मागितलं, तर परस्पर देऊ नका. गाणारणीची संमती, तिचं नाव आणि तिचा मोबदला यांबद्दल बैठकीत बोला आणि ठराव वहीत लिहा.

दागिना गहाण पडला तर सोडवता येतो. न टिपलेलं गाणं एकदा गेलं की कुठल्याच व्याजानं परत मिळत नाही. तेव्हा पुढच्या बैठकीच्या विषयांत हा एक विषय घाला, आणि पहिलं नाव कुणाचं लिहायचं ते आजच ठरवा.