मिठाबरोबर साखर कशाला?



शास्त्रीय विषयावर आम्ही बोलणार, याचे काहींना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण बेताचेच; पुढचे सारे सार्वजनिक वाचनालयात. हा विषय मात्र आमच्या गळ्यात पडला तो वाटाघाटीच्या टेबलावर. एका फौंड्रीत भट्टीपुढे घाम गाळणाऱ्या कामगारांसाठी मीठ-साखरेचे पाणी ठेवावे, अशी आमची मागणी होती. मॅनेजरसाहेब म्हणाले, "पाणी देऊ, मीठही देऊ. पण साखर कशाला? सरबत पाहिजे काय?" आम्हाला उत्तर देता आले नाही. मागणी करणाऱ्यालाच मागणीचे कारण ठाऊक नसावे, याची लाज वाटली आणि आम्ही पुस्तके उघडली.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे, आणि प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध द्रव्याचे अतिशय पातळ पटल असते. पेशीच्या बाहेर सोडियम आतल्यापेक्षा दहाबारा पट असते, तर आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा सुमारे तीस पट. पाणी उताराकडे धावते, तसे सोडियम सारखे आत शिरू पाहते. ते उपसून बाहेर काढणारा पंप त्या पटलातच बसवलेला आहे. एका खेपेला सोडियमचे तीन कण बाहेर, पोटॅशियमचे दोन आत. आणि दर खेपेची मजुरी एटीपी नावाच्या इंधनाचा एक रेणू. ही मजुरी रोख, उधारी नाही. स्वस्थ पडून असलेल्या माणसाच्या शक्तीचाही निदान पाचवा हिस्सा या एका कामावर खर्च होतो. झोपलेला माणूस काहीच करत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

डेन्मार्कमधील येन्स स्कोउ यांनी खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंवर प्रयोग करून १९५७ साली या पंपाचा माग लावला. त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते १९९७ साली!

आता साखरेकडे येऊ. आतड्याच्या पेशीची एक बाजू अन्नाकडे असते, दुसरी रक्ताकडे. पंप रक्ताच्या बाजूला आहे. तो सोडियम उपसत राहतो, म्हणून पेशीत सोडियमची कायम तूट. अन्नाच्या बाजूला एक दार असे आहे की, ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन कण एकत्र आले तरच ते त्यांना आत घेते. साखर आत गेली, मीठ आत गेले, की पाणी त्यांच्यामागून जाते. ही जोडी रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली. गंमत अशी की, या दाराला स्वतःचे इंधन लागत नाही. पलीकडच्या पंपाच्या श्रमावर ते चालते. इथे आमच्यातला युनियनवाला जागा होतो, पण ते असो.

पटकीचे विष आतड्यातून पाणी ओतवते, परंतु या दाराला ते धक्का लावत नाही. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात कालवून ड्रम भरले. पाजणारे कोण? रोग्यांचे नातेवाईकच. शंभरात तीसच्या घरात दगावत होते, ते प्रमाण चाराच्या आत आले.

पुढच्या बैठकीत आम्ही हे सारे सांगितले. साहेबांनी ऐकून घेतले आणि साखर मंजूर केली. मग चुकलो ते आम्हीच. आमच्या मंडळींनी गोड लागते म्हणून ड्रममध्ये मुठीमुठीने साखर टाकली. साखर अति झाली तर ती उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढते, आणि दोघांना हगवण लागली. तेव्हापासून ड्रमवर खडूने लिहिलेले असते : एक लिटर पाण्याला चहाचे सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा सपाट, शीग लावू नये.