वकील कुणाचा?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी आपल्याकडे म्हण आहे. म्हण चांगली आहे. पण ज्याने ती केली त्याच्याजवळ पायरी न चढण्याची सोय असली पाहिजे. कामगाराला ती सोय नसते. संप केला की मनाई हुकूम येतो, सभा घेतली की समन्स येते. मग तो शहाणा असो की वेडा, त्याला पायरी चढावीच लागते. आणि वर पोचल्यावर पहिला प्रश्न वकिलाचा येतो. वकील कुणाचा? जो फी देतो त्याचा, की ज्याची बाजू न्यायाची त्याचा?

मी कायद्याच्या कॉलेजात गेलेलो नाही. युनियनच्या कामात जेवढा कायदा अंगावर आला तेवढा शिकलो, बाकीचा वाचनालयात बसून वाचला. म्हणून हा प्रश्न तत्त्वज्ञानाने सोडवण्याऐवजी एका माणसाच्या चरित्रावरून आपल्यापुढे मांडतो. हा माणूस म्हणजे शिकागोचे वकील क्लॅरेन्स डॅरो.

डॅरो १८५७ साली ओहायो राज्यातल्या एका खेड्यात जन्मले. वडील लाकडी सामान बनवीत, शवपेट्याही बनवीत. एक वर्ष कॉलेज, एक वर्ष कायद्याचा वर्ग, आणि १८७८ मध्ये सनद. नऊ वर्षे लहान गावांत वकिली करून ते शिकागोला आले. काही काळ नगरपालिकेचे वकील झाले आणि नंतर एका मोठ्या रेल्वे कंपनीचे. पगार चांगला, खुर्ची मऊ. सामान्य माणूस इथेच समाधान मानतो.

१८९४ साली पुलमन कारखान्याचा संप झाला. मंदीचे दिवस होते. कंपनीने मजुरी सरासरी पावपट कापली. पण कामगार ज्या घरांत राहत ती घरेही कंपनीचीच, आणि त्यांचे भाडे मात्र एका पैशाने उतरवले नाही. म्हणजे एका हाताने कमी द्यायचे आणि दुसऱ्या हाताने पूर्वीइतकेच घ्यायचे. यूजीन डेब्ज यांच्या रेल्वे कामगार संघटनेने पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार घातला. सरकारने २ जुलैला न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला, पाठोपाठ लष्कर आले, आणि डेब्ज यांच्यावर कटाचा व न्यायालयाच्या बेअदबीचा असे दोन खटले झाले.

डॅरो यांनी रेल्वेच्या वकिलाची नोकरी सोडली आणि डेब्ज यांचे वकीलपत्र घेतले. कटाच्या खटल्यात त्यांनी डाव उलटवला. कामगारांनी एकत्र येणे हा कट असेल, तर शिकागोतल्या चोवीस रेल्वे कंपन्यांचे व्यवस्थापक एकत्र बसून मजुरीचे दर ठरवतात ते काय आहे, असे त्यांनी विचारले. त्या व्यवस्थापक मंडळाच्या बैठकांची इतिवृत्ते कोर्टात आणा, अशी त्यांनी मागणी केली. मध्येच ज्यूरीतला एकजण आजारी पडला, खटला थांबला आणि सरकारने तो पुन्हा चालवला नाही. बेअदबीचा खटला मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १८९५ मध्ये डेब्ज हरले आणि सहा महिने तुरुंगात राहिले.

मित्रहो, हे दूरदेशीचे समजू नका. १९२० साली मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक मिलच्या झगड्यात बी. पी. वाडिया आणि मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांवर हायकोर्टातून असाच मनाई हुकूम आणला गेला. हत्यार तेच होते. त्यानंतर १९२१ मध्ये आपल्या ना. म. जोशींनी मध्यवर्ती विधिमंडळात ठराव आणला आणि १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. संघटनेचे काम हा फौजदारी कट नव्हे, एवढी साधी गोष्ट कायद्यात लिहून घ्यायला इतका खटाटोप करावा लागला.

१९०२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या सुमारे १,४७,००० खाणकामगारांनी पाच महिने संप केला. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आयोग नेमला, आणि कामगारांची बाजू डॅरो यांच्याकडे आली. त्यांनी नुसती भाषणे केली नाहीत. खाणीत जायबंदी झालेली माणसे, विधवा, कोळशातून दगड वेचणारी पोरे त्यांनी साक्षीला उभी केली. त्यांत एक बारा वर्षांचा मुलगा होता. त्याचा बाप खाणीत मेला होता, आणि पोराची मजुरी कंपनी घरच्या जुन्या देण्यापोटी वळती करून घेत होती. १९०३ च्या निवाड्यात मजुरी दहा टक्के वाढली, कामाचे तास उतरले; युनियनला मान्यता मात्र मिळाली नाही. आम्हा कार्यकर्त्यांना यातून धडा घ्यायचा असेल तर तो असा: वकिलाची जीभ कितीही चालली तरी तिच्याखाली पुरावा आपणच घातला पाहिजे. पगाराची चिठ्ठी, अपघाताची नोंद, हजेरीचा कागद जपून ठेवा. वकील नंतर येतो.

इथे मी थांबलो तर आपण टाळ्या वाजवाल आणि घरी जाल. पण चरित्र अर्धे सांगणे म्हणजे खोटे सांगणे.

१९१० मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या इमारतीत स्फोट होऊन कामावरची माणसे मेली. युनियनच्या मॅकनामारा बंधूंवर खटला झाला, डॅरो वकील होते. पुरावा भारी होता. आरोपींचा जीव वाचवण्यासाठी डिसेंबर १९११ मध्ये त्यांनी गुन्हा कबूल करवला. जे कामगार त्यांना निर्दोष समजून वर्गणी देत होते ते संतापले. त्यातच ज्यूरीला लाच दिल्याच्या आरोपावरून खुद्द डॅरो आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. १९१२ मध्ये एका खटल्यात ते सुटले, दुसऱ्यात १९१३ मध्ये ज्यूरीचे एकमत झाले नाही. त्यांनी लाच देवविली की नाही, यावर चरित्रकारांत आजही दोन पक्ष आहेत. ते कफल्लक होऊन शिकागोला परतले. मोठ्या संघटनांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

मग पोट भरायला त्यांनी काय केले? शहरातल्या पांढरपेशा आरोपींची वकीलपत्रे घेतली. लाचखोरीचा आरोप असलेला शिकागोचा पोलीसप्रमुख त्यांनी सोडवला. शाळाखात्याच्या पैशांच्या अफरातफरीत गोवलेला फ्रेड लुंडिन हा राजकारणी त्यांनी १९२३ मध्ये सोडवला. गरिबांचा कैवारी आणि सत्तेतल्या मंडळींचा वकील, एकच माणूस! आमच्यातला कोणीही म्हणेल, हा तर दोन्ही डगरींवर पाय ठेवणारा.

पण १९२५ पाहा. डेटन गावात डार्विनचा सिद्धांत शिकवल्याबद्दल एका तरुण शिक्षकावर खटला झाला. डॅरो तिथे फी न घेता, पदरचा खर्च करून गेले. शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला; पण वरच्या न्यायालयाने तो निकाल १९२७ मध्ये तांत्रिक कारणावरून रद्द केला. त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये डॉ. ऑशन स्वीट या काळ्या डॉक्टरने गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले. दुसऱ्या रात्री जमावाने घर घेरले, दगड आले, आतून गोळी सुटली, बाहेर एक माणूस मेला. घरातल्या अकराजणांवर खुनाचा आरोप झाला. अडुसष्ट वर्षांच्या डॅरो यांनी सबंध गोऱ्या ज्यूरीपुढे उभे राहून त्यांना त्यांचाच वर्णद्वेष दाखवून दिला. पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही; मे १९२६ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने डॉक्टरांचा भाऊ हेन्री यास निर्दोष ठरवले. पुढे उरलेल्यांवरचे आरोपही काढून घेतले.

आणि तोच माणूस १९३२ मध्ये होनोलुलूला गेला. जोसेफ कहाहावाई या हवाईयन तरुणाला पळवून नेऊन मारणाऱ्या गोऱ्यांची बाजू मांडायला! १९२९ च्या घसरणीत त्यांचा पैसा बुडाला होता, फी मोठी होती. आरोपींना दहा वर्षांची शिक्षा झाली. गव्हर्नरने ती एका तासावर आणली. डेट्रॉइटमध्ये ज्यांच्याविरुद्ध ते बोलले, होनोलुलूत त्यांच्याच बाजूने बोलले. या डागाला मी पाणी लावणार नाही.

मग वकील कुणाचा? माझे उत्तर असे. लुंडिनचा वकील तो झाला याबद्दल मी त्याला दोष देत नाही. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हा नियम लबाड श्रीमंताला वाचवतो तेव्हा आपल्याला बोचतो. पण स्वीट कुटुंबाला वाचवणारा नियम तोच होता. नियम मोडला तर पहिले आपण मरू. अन्याय आहे तो वेगळाच: तो नियम श्रीमंताला विकत मिळतो आणि गरिबाला एखाद्या डॅरोच्या मर्जीवर मिळतो. मर्जी ही भाकरी नव्हे. मर्जी १९२५ साली असते, १९३२ साली नसते.

आपल्याकडे याचा विचार झाला. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात असे कलम होते की समेटाच्या बोलण्यांत वकील नको, आणि न्यायाधिकरणापुढे आणायचा तर दुसऱ्या पक्षाची संमती व न्यायाधिकरणाची परवानगी हवी. म्हणून माझ्यासारखे न शिकलेले लोक उभे राहू शकले. समोर ‘कंपनीचे अधिकारी’ म्हणून कायद्याची पदवी असलेले गृहस्थ बसत, हा भाग निराळा! १९७६ मध्ये घटनेत ३९-अ हे कलम आले, त्यावरून १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला. त्याच्या बाराव्या कलमात स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती यांच्याबरोबर औद्योगिक कामगारालाही मोफत वकिलाचा हक्क लिहिला आहे. हक्क म्हणतो मी, दान नव्हे. या सभागृहात बसलेल्या किती भगिनींना ठाऊक आहे की बाई म्हणून त्यांना हा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला असो वा नसो?

वकील मंडळींना माझी एवढीच विनंती आहे: मोठी वकीलपत्रे खुशाल घ्या, पण मोफत प्रकरणाची फाइलही फीच्या फाइलइतकीच वाचून या. मुदत मागून गरिबाला वाटेला लावू नका. त्याची एक तारीख म्हणजे एका दिवसाची मजुरी असते. आणि कामगार बंधूंना माझे सांगणे असे की वर्गणीतला एक हिस्सा कोर्टाच्या कामासाठी वेगळा ठेवा. ज्याची पेटी रिकामी त्याने थोर माणसाची वाट पाहावी लागते, आणि थोर माणूस दर वेळी येतोच असे नाही.

डॅरो १३ मार्च १९३८ रोजी वारले. ते देव नव्हते. पण मऊ खुर्ची सोडून ते एकदा उठले, आणि त्या उठण्याने हजारो खाणकामगारांच्या घरात दहा टक्के जास्त पैसे गेले. आपल्या नगरातल्या तरुण वकिलांपैकी एकाने जरी उठायचे मनात आणले, तरी आजची संध्याकाळ वाया गेली नाही असे मी समजेन.